सांगली ते ऑकलंड: तास घरापासून धरा

तुम्ही विचारलंय की मुंबई ते ऑकलंड अंतर किती, तास किती लागतात आणि डिसेंबरात चार वर्षांच्या मुलाला प्रवास झेपेल का. मी सांगलीच्या विश्रामबागेतली, इथे ऑकलंडला येऊन अकरा वर्षं झाली.

अंतर साधारण १२,३०० किलोमीटर. सध्या थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे आलात तर मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास; पुढे ८,४०० किलोमीटर, दहा तास. म्हणजे हवेत साडेपंधरा तास. पण बेत या आकड्यावर आखू नका, घराला कुलूप लावल्यापासून तास मोजा.

समजा विमान सोमवारी रात्री साडेअकराला आहे. सांगलीतून दुपारी बाराला निघा. पेठ नाक्याला हायवेला लागायचं, मग कराड, सातारा, पुणे करत मुंबई, पावणेचारशे किलोमीटर. खंबाटकीत एखादा ट्रक बंद पडला की तासभर गेलाच, म्हणून हात राखून निघा. सिंगापूरला मंगळवारी सकाळी साडेसात, दोन तासांनी पुढचं विमान, आणि ऑकलंडला उतराल तेव्हा इथे बुधवार लागलेला असेल, रात्रीचे साडेबारा. घड्याळ फसवतं, खरे तास एकोणतीस.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. मी एकदा स्वस्त म्हणून वेगवेगळी काढली होती. पहिलं तीन तास उशिरा पोचलं, दुसरं निघून गेलं आणि नवीन तिकिटाचे पैसे माझ्याच खिशातून गेले.

मुलाला विमान झेपतं, खरी परीक्षा नंतर. डिसेंबरात इथलं घड्याळ साडेसात तास पुढे असतं (एप्रिल ते सप्टेंबर साडेसहा). माझी मुलगी दुसऱ्या रात्री पहाटे तीनला अंथरुणात उठून बसली आणि वरणभात मागू लागली. सांगलीत तेव्हा संध्याकाळचे साडेसात, तिची जेवायची वेळ! मी कुकर लावला. पहिले चार-पाच दिवस असेच जाणार, त्यामुळे कामावर लगेच रुजू होऊ नका. सकाळी मुलाला उन्हात न्या.

आई बेदाणे, चटण्या, लोणचं बांधून देईलच. जे काही खाण्याचं असेल ते प्रवासी घोषणापत्रात लिहा. लिहिलं आणि चालत नसेल तर ते काढून घेतात, एवढंच. लपवलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. मध मात्र आणूच नका.

परतीला सिंगापूरपर्यंत समोरून वारा असतो, तासभर जास्त लागतो. माझी आई घरात पडली, त्या दिवशी मी फोन ठेवल्या ठेवल्या तिकीट काढलं, तरी तिच्या उशाशी बसायला मला चौतीस तास लागले. म्हणून सांगते, इकडे आल्यावर एका माणसाच्या तातडीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि घरभाड्याला कमी पडले तरी त्यांना हात लावू नका.