कपाटातली रक्षा आणि न मिळालेला शेवटचा संस्कार

"ह्यांना फादर मिळाले नाहीत, कॉफिन मिळालं नाही, मातीसुद्धा मिळाली नाही. आता त्यांच्या नावानं मिस्सा लावून काही उपयोग आहे का?"

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेला वर्षं उलटली, तरी वसई-मुंबईकडच्या कॅथलिक घरांतून हा प्रश्न अजून येतो. (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ती मृताच्या नावानंही लावतात.) विचारणारी बहुधा विधवा बाई असते, नाहीतर थोरली मुलगी. पुढची हकीकत एका घराची नाही. सारख्याच वळणाच्या काही घरांचे तपशील एकत्र करून, ओळख पटेल असं सगळं बदलून ती मांडली आहे.

बाई साठीच्या जवळपास. नवरा एप्रिल 2021 मध्ये रुग्णालयात गेला तो परत आला नाही. वॉर्डात फादरना सोडलं नाही. शव पिशवीत बंद, तिथून थेट पालिकेच्या विद्युतदाहिनीत. धावपळीत पुढे केलेल्या कागदावर मुलानं सही केली. दुसऱ्या दिवशी रक्षेचं मडकं हातात आलं, ते घरच्या अल्ताराखालच्या, म्हणजे देवघराखालच्या, कपाटात ठेवलं आणि तिथेच राहिलं. नणंद एकदाच बोलली, "आपल्यात जाळत नाहीत." बाई रविवारी मिस्सेला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायची रांग लागली की खाली बघतात. मृतांच्या स्मरणदिनी, 2 नोव्हेंबरला, सगळं गाव मेणबत्त्या, फुलं घेऊन सिमेट्रीत जातं, तेव्हा यांच्या अंगात नेमकी कणकण असते.

समुपदेशकाकडे आल्या मात्र झोप लागत नाही म्हणून. हे नेहमीचंच. श्रद्धेची टोचणी सहसा श्रद्धेच्या नावानं येत नाही. पित्त, डोकेदुखी, सुनेशी कटकट असं काहीतरी पुढे करून येते. पहिल्या बैठकीत उत्तरं द्यायची नसतात, गाठी वेगळ्या करायच्या असतात. इथे त्या चार निघाल्या: त्यांच्या आत्म्याचं काय, आपण जाळलं हे पाप का, मडक्याचं काय करायचं, आणि देवावरचा राग. सगळ्यांना मिळून एकदम "देवाची इच्छा" असं उत्तर द्यायची आपल्या समाजाला सवय आहे. त्यानं यांतली एकही गाठ सुटत नाही, चौथी तेवढी घट्ट होते.

आत्म्याची गाठ आधी घ्यावी, कारण बाकीच्या तिच्यावर बसलेल्या असतात. जुन्या पिढीच्या मनात तैलाभ्यंग, आजाऱ्याला पवित्र तेल लावून दिला जाणारा संस्कार, म्हणजे स्वर्गाच्या दारावरचा पास. तो संस्कार गंभीर आजाऱ्यांसाठी आहे, फक्त मरणाऱ्यांसाठी नाही. आजार बळावला तर पुन्हाही देता येतो. पण तो धर्मगुरू किंवा बिशपच देऊ शकतात, आणि वॉर्डाचं दार बंद असेल तर तो हुकला म्हणजे माणसानं नाकारला असं होत नाही. शिवाय याच प्रसंगासाठी रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, 20 मार्च 2020 ला आज्ञापत्र जाहीर केलं होतं. ज्यांना तैलाभ्यंग मिळू शकला नाही अशांना मृत्यूसमयी पूर्ण इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या उरलेल्या शिक्षेची संपूर्ण माफी, देऊ केली होती. अट एकच: अंतःकरणाची योग्य तयारी आणि आयुष्यात काही ना काही प्रार्थना म्हणण्याची सवय. पापनिवेदन, ख्रिस्तशरीर आणि पोपमहाशयांसाठी प्रार्थना या नेहमीच्या तीन अटींची उणीव ख्रिस्तसभा (चर्च) स्वतः भरून काढते, असंही त्यात आहे.

हा मजकूर वाचून दाखवला तर समोरचं माणूस मान हलवतं आणि घरी जाऊन पुन्हा रडतं. त्याऐवजी प्रश्न विचारावा: "ते कधी, काय प्रार्थना म्हणायचे?" बाईंनी सांगितलं, रोज संध्याकाळी रोजरी, कामावरून यायला उशीर झाला तर गाडीतच माळ हातात. रुग्णालयातून परत आलेल्या पिशवीत चष्मा, चार्जर आणि तीच माळ होती. आज्ञापत्र त्यानंतर समोर ठेवलं. अट पुरी झाल्याचा साक्षीपुरावा बाईंच्याच तोंडून आधी आलेला होता.

तरीही इथे हात राखून बोलावं. "ते नक्की स्वर्गात आहेत" असं लिहून द्यायचा अधिकार समुपदेशकाला नाही. ख्रिस्तसभा आशा देते, दाखला देत नाही. आणि म्हणूनच मृतांसाठी मिस्सा अर्पण करते. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच: उपयोग आहे का म्हणून मिस्सा थांबवायची नसते, ती अशाच वेळी लावायची असते. चर्चच्या ऑफिसात नाव देताना "मृतात्म्यासाठी" असं लिहून मृत्यूची तारीख द्यावी. अंत्यविधीची मिस्सा तेव्हा झालीच नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. म्हणजे फादर ती रोजच्या मिस्सेत नुसतं नाव वाचून उरकणार नाहीत, घरच्यांना जमेल असा वेगळा दिवस देतील.

दहनाची गाठ त्या मानानं लवकर सुटते. 1917 च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यात, दहनाला बंदी होती, नणंदेच्या वाक्याचं मूळ तिथे आहे. 1963 मध्ये रोमनं ती उठवली. 1983 च्या संहितेचं कलम 1176 सांगतं की दफनाची प्रथा राखावी अशी कळकळीची शिफारस आहे, पण दहनाला मनाई नाही. फक्त ख्रिस्ती शिकवणीला विरोध म्हणून ते निवडलेलं नसावं. इथे कुणी काही निवडलंच नव्हतं. साथीच्या सुरुवातीला, 30 मार्च 2020 ला, मुंबई महापालिकेनं कोणत्याही धर्माचा रुग्ण असो, दहनच करावं असा आदेश काढला आणि त्याच दिवशी बदलून मोठ्या दफनभूमीत दफनाला मुभा दिली. म्हणजे यंत्रणाच गोंधळलेली होती. मग रुग्णालयाच्या जिन्यात उभ्या असलेल्या पोरानं काय ठरवायचं?

एक माहिती मात्र जपून द्यावी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च 2020 च्या सूचनांत शवाला हात न लावता धर्मग्रंथवाचन आणि पवित्र पाणी शिंपडणं याला परवानगी होती. हे कळल्यावर काहींना हायसं वाटतं, तर काहींचा संताप उसळतो: "मग आम्हाला का नाही करू दिलं?" पहिल्या-दुसऱ्या बैठकीत हे काढू नये. त्याच सूचनांत रक्षेपासून संसर्गाचा धोका नाही, ती विधीसाठी नेता येईल, असंही होतं. मडक्याला हात लावायला अजून बिचकणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हरकत नाही.

आता मडकं. सगळ्यांत जास्त अडतं ते इथेच, आणि काम करण्यासारखंही इथेच आहे. 2016 च्या सूचनापत्रात रोमनं सांगितलंय की रक्षा पवित्र जागी ठेवावी, म्हणजे दफनभूमीत किंवा त्यासाठी राखलेल्या चर्चच्या जागेत. घरी ठेवू नये, वाटून घेऊ नये, हवेत, जमिनीवर वा पाण्यात विखरू नये. हे ऐकून बाई घाबरल्या: "म्हणजे इतकी वर्षं हेही चुकलंच?" चूक मोजत बसायची गरज नाही, विधी अर्धवट राहिला आहे, तो पुरा करता येतो आणि त्याला मुदत नाही.

आधी फादरना फोन करून वेळ घ्यावी, मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या, म्हणजे फादर पोशाख बदलतात त्या खोलीच्या, दारात हा विषय काढू नये. सोबत मृत्यू दाखला, स्मशानाची पावती आणि कौटुंबिक कबर असेल तर तिचे कागद न्यावेत. कबर दीर किंवा चुलत्याच्या नावावर असेल तर त्यांची लेखी संमती आधी घ्यावी. बहुतेक प्रकरणं नेमकी इथेच सहा-सहा महिने लटकतात, आणि त्यामागे धर्म नसतो, जमिनीचा जुना वाद असतो. मुंबईत कबर बहुधा कायमची मिळत नाही. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे कोनाड्यात, ठेवतात. रक्षेसाठीही निश मागता येते. भांडं घेण्याआधी निशच्या तोंडाची रुंदी, उंची, खोली मोजून आणावी. प्रौढ माणसाच्या पूर्ण रक्षेला साधारण साडेतीन लिटरचं भांडं लागतं. आधी सुंदर कलश घ्यायचा आणि विधीच्या दिवशी तो निशमध्ये जात नाही म्हणून सगळ्यांसमोर खटपट करायची, ही वेळ टाळलेली बरी. निशसाठी घट्ट फिरकीच्या झाकणाचं स्टील किंवा पितळेचं भांडं, मातीत पुरायचं असेल तर मातीचं चालतं.

दोन-चार पावसाळे कपाटात काढलेल्या रक्षेला ओल धरते. कापड कुजलेलं असतं, गठ्ठे झालेले असतात, अस्थींचे तुकडे दिसतात. ते चाळू किंवा कुटू नयेत, आहे तसं सावकाश नव्या भांड्यात घ्यावं. हे काम बाईंनी एकटीनं, रात्री, दार लावून करू नये. घरातलं एक माणूस सोबत असावं, खाली पांढरी चादर अंथरावी, आधी एक "हे आमच्या स्वर्गातील बापा" म्हणावं. स्मशानातून मिळालेला नंबरचा बिल्ला असेल तर तो आत ठेवावा.

बिल्ला नसेल तर पुढचा प्रश्न येतोच, आणि तो दबक्या आवाजात येतो: "इतकी प्रेतं होती तेव्हा. हे ह्यांचंच कशावरून?" खोटी खात्री देऊ नये. विधीत नाव घेतलं जातं ते त्या माणसाचं, तोलून घेतलेल्या राखेचं नाही. समुद्रात बुडून न सापडलेल्या कोळ्यासाठीही ख्रिस्तसभा मिस्सा करते. समजा त्यात दुसऱ्या कुणाचा अंश मिसळलेला असेल, तर त्याही अनोळखी माणसाला पवित्र जागा मिळेल. बाई यावर बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "तो कोण असेल त्याच्यासाठीपण एक मिस्सा लावू."

जागेचा विधी छोटा असतो: बायबलमधलं वाचन, जागेचा आशीर्वाद, मध्यस्थी प्रार्थना, "हे आमच्या स्वर्गातील बापा", शेवटची प्रार्थना. अर्ध्या तासात होतो. आपल्याकडचा उत्साह इथे आवरावा. मंडप, बँड, जेवणावळ मांडली की पुरा करायचा विधी समारंभ होतो आणि बाई पुन्हा स्वयंपाकघरात जातात.

चौथी गाठ रागाची. "मी नऊ दिवस नोव्हेना केली आणि नवव्या दिवशीच हे गेले." यावर देवाची वकिली करायला बसू नये. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र हातात द्यावं, सहाच ओव्या आहेत, सुरुवातच "किती वेळ?" अशी. अठ्ठ्याऐंशीवं त्याहून कडवट. ते अंधारात संपतं, शेवटी समजूत काढायलाही कुणी येत नाही. रोजरीत मन लागत नसेल तर महिनाभर माळ बाजूला ठेवून रोज रात्री तेरावं स्तोत्र मोठ्यानं वाचावं. बायबलमध्येच तक्रार छापलेली पाहिली की आपण देवद्रोह करतोय ही भीती ओसरते.

ख्रिस्तशरीर न घेण्यामागे बाईंच्या मनात दहनाचं "पाप" होतं. ते पाप नव्हतंच, म्हणजे अडसरही नव्हता. तरी मन मानत नसेल तर पापनिवेदनाला जावं, पण शनिवारच्या रांगेत नाही. वेळ ठरवून, "मला पंधरा-वीस मिनिटं लागतील" असं आधी सांगून. तिथे मुलाच्या सहीबद्दल क्षमा मागू नये. मुलाशी धरलेला अबोला असेल तर तो सांगावा.

2 नोव्हेंबरला स्वतःची कबर लागतच नाही. 1 ते 8 नोव्हेंबर या दिवसांत कोणत्याही दफनभूमीत भक्तिभावानं जाऊन, निदान मनातल्या मनात, मृतांसाठी प्रार्थना केली तरी नेहमीच्या अटींवर मृतात्म्यांसाठी पूर्ण इंडल्जन्स मिळते. सिमेट्रीतल्या मोठ्या क्रुसाखाली मेणबत्ती लावता येते. छोट्या ख्रिस्ती समूहाच्या, म्हणजे शेजारच्या कॅथलिक घरांच्या गटाच्या, प्रमुखबाईंना एवढं एक काम द्यावं: त्या संध्याकाळी यांना घरून घेऊन जायचं. उपदेश नको, सोबत हवी.

हे सगळं करूनही झोप येत नसेल, जेवण तुटलं असेल, वर्षभरानंतरही रोजची साधी कामं सुचत नसतील, किंवा "मलाही ह्यांच्याकडे जायचंय" असं बोलणं वारंवार येत असेल, तर प्रश्न फक्त श्रद्धेचा राहिलेला नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. टेली मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मरणाची भाषा आली तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये, त्याच दिवशी फोन लावावा आणि घरातल्या माणसाला सांगावं. प्रार्थना वाढवा म्हणजे गोळ्या लागणार नाहीत, असं सांगणारे धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, भेटतात. त्यांना नम्रपणे बाजूला ठेवावं.

रक्षा ठेवायचं ठरलं तेव्हा कॅनडातल्या मुलानं थोडी आपल्याकडे मागितली. 2016 च्या नियमानं वाटणी बसत नाही. डिसेंबर 2023 मध्ये रोमनं एवढी मुभा दिली की मुख्य रक्षा पवित्र जागी ठेवून अगदी थोडा अंश मृताच्या आयुष्याशी निगडित जागी जपण्याची विनंती चर्चचे अधिकारी विचारात घेऊ शकतात. म्हणजे तो अधिकार घरच्यांचा नाही. फादरांमार्फत बिशप हाउसला लेखी विचारायचं. उत्तर येईपर्यंत भांड्याचं झाकण सील करू नये. विधी झाला की धर्मग्रामाच्या मृत्यू नोंदवहीत नोंद झाल्याची खात्री त्याच दिवशी करून घ्यावी. पालिकेत दहन झालेल्यांची नावं त्या वहीत चढायची राहून जातात. नावाचं स्पेलिंग मृत्यू दाखल्याशी आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशी जुळतंय का तेही पाहावं, कारण पुढे कबरीच्या नूतनीकरणाला किंवा वारसाच्या कामाला हाच उतारा मागतात.