टीईटी, कन्नड आणि पदोन्नती: सीमाभागातल्या शिक्षकांचे प्रश्न

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत २००७ पासून शिकवते. निवृत्तीला बारा वर्षं आहेत. आता आम्हालाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) द्यावी लागणार, हे खरं का?

उत्तर: खरं आहे, बाई. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. त्याहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीपुरती सूट मिळाली. पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा चुकत नाही. ‘निकाल फिरेल’ म्हणत बसलेले स्टाफरूममध्ये भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पेपर १५० गुणांचा, खुल्या गटाला ९० हवेत. पहिली भाषा मराठी घेता येते. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. अनुभवी शिक्षक अडखळतात ते बालमानसशास्त्राच्या पुस्तकी शब्दांत आणि वेळेत. तेव्हा जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, गाईड नंतर घ्या.

प्रश्न: प्रशिक्षणं सगळी कन्नडमधून होतात, अर्धंच कळतं. सीआरपीच्या (आसपासच्या शाळांच्या गटाला मार्गदर्शन करणाऱ्या साधन व्यक्तीच्या) जागेसाठी अर्ज करायचा धीर होत नाही. मराठी शाळेतल्या शिक्षकानं कन्नडसाठी एवढा वेळ का घालवावा? (चिकोडी)

उत्तर: सर, सीमाप्रश्नाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसचा आदेश कन्नडमध्ये येतो आणि उत्तरही कन्नडमध्येच मागितलं जातं. मराठी शाळेला शिक्षक कमी आहेत, खोली गळते, हे पटेल असं मांडायलाही तीच भाषा लागते. ज्याला ती लिहिता येत नाही त्याचा अर्ज दुसराच कुणी लिहितो आणि मग बैठकीलाही तोच जातो. शिवाय २०१५ च्या कायद्यानं राज्यातल्या शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं आहे, म्हणजे आपल्या पोरांचं कन्नडही आपल्याच अंगावर.

बाजारापुरतं बोलता तुम्हाला येतच असणार. अडतंय ते लिखाणात. आठवड्याला एक सुत्तोले (परिपत्रक) घ्या, दोनदा वाचा, अडलेले शब्द वहीत उतरवा. पुढच्या प्रशिक्षणाचा वरदी (अहवाल) स्वतः लिहा आणि कन्नड शाळेतल्या एखाद्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. लाज वाटेल, वाटू द्या. पहिल्या वर्षी दुसरा कुठलाही कोर्स घेऊ नका, असंच मी म्हणेन.

प्रश्न: निपाणीची आहे, डी.एड. झालंय. कर्नाटकात प्रयत्न करू की महाराष्ट्रात?

उत्तर: दोन डगरींवर पाय नको. महाराष्ट्रासाठी महाटीईटी (त्या राज्याची टीईटी) किंवा सीटीईटी (केंद्राची टीईटी), त्यावर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना तिथल्या भरतीत अर्ज करता येतो, पण रहिवासाचा दाखला आधी काढून ठेवा; ऐनवेळी धावपळ होते. कर्नाटकात राज्याची टीईटी आणि नंतर भरती परीक्षा. कन्नड लिहिता येत असेल तर इथेच थांबा. नसेल तर सीटीईटीपासून सुरुवात करा, तिच्यात मराठी भाषा निवडता येते.