कॅनेडियन फुटबॉलमध्ये पास झेलून सर्वाधिक यार्ड काढणारा रिसीव्हर कोण?

जेरॉय सायमन, १६,३५२ यार्ड. कॅनेडियन फुटबॉल लीगच्या विक्रमयादीत त्याची कारकीर्द १९९९ ते २०१३ अशी दिसते: सुरुवात विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडून, मग २००१ ते २०१२ बीसी लायन्स (नाव कमावलं ते इथेच) आणि शेवटचा हंगाम सास्कॅचेवान रफरायडर्सकडे. त्या हंगामातही ग्रे कप (लीगचं अजिंक्यपद) जिंकूनच गडी थांबला. आधीचे दोन २००६ आणि २०११चे. मिल्ट स्टीगलचा १५,१५३ यार्डांचा विक्रम त्याने २०१२ मध्ये मोडला.

मात्र 'सर्वाधिक' म्हणताना मोजताय काय ते बघा. टचडाउनमध्ये (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये नेऊन गुण मिळवणं) स्टीगलच पुढे आहे आणि झेलांच्या संख्येत निक लुईसने सायमनला मागे टाकलंय. हे आकडे एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) आकड्यांशेजारी ठेवण्यातही फारसा अर्थ नाही. कॅनडात चारऐवजी तीनच डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणारे प्रयत्न), मैदान ११० यार्ड लांब नि ६५ रुंद, शिवाय स्नॅप होण्याआधीच (म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधीच) रिसीव्हर पुढे धावत येऊ शकतो. तीन डाउनमध्ये दहा यार्ड काढायचे म्हटल्यावर पास फेकण्यावरच भर राहणार.