सात किलोची सायकल रोज चालवावी का?

प्रश्न : माझी सायकल नऊ किलोची आहे. सात किलोची कार्बन फायबरची घेतली तर वेगात किती फरक पडेल?

सपाट रस्त्यावर जवळपास नाहीच. ताशी ३०-३५ किलोमीटरला तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला सायकलच्या वजनाशी देणंघेणं नसतं. तिथे कोपर वाकवून थोडं खाली बसलात तर जास्त फायदा होतो, तोही फुकट. वजनाचा फरक जाणवतो चढावर. तुमचं वजन ७० धरू. सायकलसह ७९चे ७७ झाले, म्हणजे अडीच टक्के. तासाभराच्या खड्या घाटात, तेवढाच जोर लावून, फार तर दीड मिनिट वाचेल. शर्यतीत ते पुष्कळ आहे. एरवी वर पोचल्यावर तेवढा वेळ आपण फोटो काढण्यात घालवतोच.

प्रश्न : शर्यतीत ६.८ किलोखालची सायकल चालत नाही म्हणे. मग कंपन्या त्याहून हलक्या का बनवतात?

हौशी माणसाला तो नियम लागू नाही, म्हणून! यूसीआय या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही मर्यादा २००० साली आणली. उदाहरणार्थ, २०२० मध्ये आलेल्या स्पेशलाइज्ड कंपनीच्या एथॉस या सायकलची सर्वांत हलकी फ्रेम, म्हणजे चाकं वगैरे सोडून नुसता सांगाडा, ६०० ग्रॅमच्या आत आहे.

प्रश्न : कार्बनच्या सायकलची सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) सतत खाली घसरते. बोल्ट आणखी आवळू का?

अजिबात नको. कार्बनचे धागे ओढ उत्तम सहन करतात, पण पातळ नळी चहूबाजूंनी चिमटली की धाग्यांना चिकटवून ठेवणारं इपॉक्सी तडकतं आणि धाग्यांचे थर सुटतात. वरून मात्र काहीच दिसत नाही. सीटपोस्ट बाहेर काढा, नळी आतून पुसा, असेल तर ग्रीस पूर्ण काढा आणि कार्बनसाठीची खरखरीत पेस्ट लावा. त्यातल्या बारीक कणांमुळे कमी दाबातही पकड बसते. मग टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना, घ्या. बोल्टजवळ आकडा छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास. त्यापुढे जायचं नाही. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मेकॅनिककडे अशी सायकल मी तरी देणार नाही. दुरुस्तीच्या स्टँडलाही सायकल सीटपोस्टला धरून लावा. हलक्या फ्रेमची आडवी नळी स्टँडच्या जबड्यात सहज चेपते.

प्रश्न : उभी सायकल दगडावर पडली. रंग उडालाय. चालवू की नको?

नख फिरवून बघा. नुसता रंग गेला असेल तर नख सरळ पुढे जातं. भेगेत ते अडकतं. मग नाण्याने आजूबाजूला हलकेच ठोका. सगळीकडे टणक आवाज आणि एका जागी बद्द, तर आत थर सुटल्याची शंका घ्यायची. अंगठ्याने दाबल्यावर ती जागा लवत असेल, तर सायकल थेट जाणकाराकडे. फ्रेम बहुतेक वेळा दुरुस्त होते: खराब भाग घासून नवे थर चढवतात. हँडलबार आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) बाबतीत मात्र दुरुस्तीच्या फंदात पडू नका, बदलून टाका. ते चालत्या सायकलवर तुटले तर सावरायला वेळच मिळत नाही.

प्रश्न : हीच सायकल रोज ऑफिसला वापरली तर?

सायकल आत ठेवायला जागा असेल आणि सामान पाठीवर नेणार असाल, तर खुशाल. कॅरिअर हवं असेल तर नको. या फ्रेमना बहुधा त्याचे बोल्ट लावायला जागाच नसते, आणि मागच्या पातळ नळ्यांना पट्ट्यांनी आवळून कॅरिअर बसवणं म्हणजे वर सांगितलेला सीटपोस्टचाच घोळ. शिवाय रस्त्यावर रांगेत लावलेल्या सायकलींमध्ये कुणाचं पेडल तुमच्या नळीवर आदळेल, सांगता येत नाही. रोजच्या कामाला ॲल्युमिनियमची, जाड टायरची सायकल बरी.