घर आवरलं की पंधरा दिवसांत परत पसारा, साधेपणाने राहायचंय तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की दोन खोल्यांचं घर आहे, चौघं जण आहात, दर दिवाळीला सगळं घर काढता, डबे आणि बास्केट आणून नीट लावता आणि पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे. मी पुण्यात साडेपाचशे स्क्वेअर फुटांच्या वन बीएचकेत २६ वर्षं राहतेय, सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून अगदी आमचंच घर डोळ्यासमोर आलं.

पहिलं म्हणजे बास्केट, ऑर्गनायझर, ड्रॉवरमधले कप्पे यातलं काहीही आत्ता आणू नका. त्याने पसारा फक्त झाकला जातो आणि आणायचे पैसे जातात ते वेगळेच. वस्तू कुठे ठेवायची याच्या आधी ती घरातून बाहेर कशी जाणार हे ठरवा, माझ्या मते सगळं तिथेच अडतं.

माझं लहानपण वाड्यात गेलं. तिथे कोणाला आवराआवरीवर विचार करताना मी पाहिलं नाही, कारण प्रत्येक जुन्या वस्तूला जायला वाट होती. साडी विरली की तिची गोधडी, बाळंतिणीच्या घरी दुपटी, उरलेल्या चिंध्यांचं पोतेरं, आणि पँट-शर्ट बोहारणीला. दुपारी तिची हाक आली की आई गाठोडं सोडून बसायची, एका पातेल्यासाठी अर्धा अर्धा तास घासाघीस चालायची, पण उठताना कपाटाचा एक कप्पा मोकळा झालेला असायचा. पितळी भांडं फुटलं की ते मोडीत द्यायचं, रद्दीवाला, बाटलीवाला, कल्हईवाला सगळे आपापल्या वाराला यायचे. आता आमच्या सोसायटीच्या गेटवर 'फेरीवाल्यांना सक्त मनाई'ची पाटी आहे आणि कुरिअरवाला मात्र दिवसातून चार वेळा वर येतो. म्हणजे येणं वाढलं आणि जाणं बंद झालं, मग घर तुंबणारच ना.

म्हणून मी काय केलं तर दाराच्या मागे एक मोठी कापडी पिशवी टांगली. घरात कोणालाही कुठलीही वस्तू नको वाटली की ती त्याच क्षणी त्या पिशवीत, परत कपाटात नाही. आणि पिशवी भरली की त्याच रविवारी ती घराबाहेर, पुढच्या रविवारवर ढकलायचं नाही, कारण ढकललं की कोणीतरी त्यातलं काहीतरी 'अगं हे लागेल की' म्हणून काढून घेतं. आमच्या गॅलरीत 'द्यायचे आहेत' म्हणून बांधलेले कपडे दीड वर्ष पडून होते, पावसाची झड लागून शेवटी ते कोणाच्याच कामाचे राहिले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कोणती वस्तू कुठे जाते हे एकदा कागदावर लिहून फ्रिजला लावा. पुण्यात आमच्याकडे 'स्वच्छ'च्या ताई रोज येतात (कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करतेय), कोरड्या कचऱ्यातलं जे विकलं जातं ते त्यांचं उत्पन्न असतं, म्हणून दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे खरकटे न देता विसळून वाळवून द्या, त्यांना बरे पैसे मिळतात. तुमच्या गावात जी सोय असेल ती शोधा. कपडे मात्र धुऊन, बटणं लावून, घडी घालून द्या, फाटकं असेल तर दुसऱ्याला देऊ नका, त्याची घरातच फडकी करा.

आता येणाऱ्या वस्तू. आपल्याकडे सगळं काही आपण विकत आणलेलं नसतं, निम्म्या गोष्टी मानपानातून येतात. माझ्या कपाटात ओटीत आलेले ४३ ब्लाऊजपीस निघाले, मोजून. एकही शिवण्यासारखा नाही, कोणाला पुढे द्यावा तर तिच्याकडेही तेवढेच. शेवटी कोपऱ्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे नेले, एका पीसमध्ये भाजीच्या दोन पिशव्या झाल्या, बंद त्याच कापडाच्या कडेचे. २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून कापडी पिशव्या लागतच होत्या, मी दहा ठेवल्या आणि बाकीच्या त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटल्या. आणि आता वाण म्हणून मी संपणारंच काहीतरी देते, गूळ, हळद, साबण, नाहीतर घरचं मेतकूट. प्लास्टिकच्या चाळण्या आणि चमचे देणं बंद केलं, कारण आपण लुटतो तेव्हा दुसरीच्या घरात अडगळ टाकत असतो हे मला मनापासून पटलंय. दोन-तीन मैत्रिणींनीही मग तसंच सुरू केलं.

सुरुवात माळ्यापासून करू नका, तिथे आठवणी असतात आणि सगळा दिवस जातो. आधी ओटा आणि त्याखालची ट्रॉली घ्या. झाकण नसलेले डबे आणि डबा नसलेली झाकणं पहिल्यांदा काढा, नंतर रोज लागणारं हाताशी आणि सणावाराचं वर. औषधांचा डबाही त्याच दिवशी बघा. माळा सगळ्यात शेवटी. आमच्या माळ्यावर लग्नाच्या आहेरातला लेमन सेट निघाला, खोक्यावरची रिबनसुद्धा न सोडलेला, इतकी वर्षं 'पाहुण्यांसाठी' म्हणून ठेवलेला. तो सेट आता आम्ही रोज ताकाला वापरतो, एक ग्लास फुटला, पाच आहेत.

आणि कृपा करून घरातल्या मोठ्यांच्या कपाटाला त्यांच्या माघारी हात लावू नका. मी एकदा सासूबाई गावाला गेल्या असताना त्यांची जुनी भांडी मोडीत द्यायला काढली होती, त्या आल्या आणि काही बोलल्या नाहीत, फक्त एक तांब्या उचलून आत घेऊन गेल्या. त्याच्यावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं, मला ते दिसलंच नव्हतं. मी त्यांची माफी मागितली आणि सगळी भांडी जिथल्या तिथे ठेवली. नंतर त्यांच्या कपाटाबद्दल एक शब्द काढला नाही. आठेक महिन्यांनी एका रविवारी त्यांनीच हाक मारली, चार नऊवारी काढून ठेवल्या होत्या, म्हणाल्या, यांची गोधडी शिवून घे, मुलीला होईल. तिच्या पलंगावर तीच असते, थंडीत दुसरं पांघरूण लागत नाही.