कुरणाची दुसरी कापणी विरळ का येते?

प्रश्न : आमच्या नैसर्गिक कुरणातलं गवत आम्ही विळ्याने अगदी मातीला घासून कापतो. पूर्वी दोन कापण्या सहज मिळत. आता दुसरी विरळ येते, मधे मधे जमीन उघडी पडली आहे. युरिया टाकावा का?

उत्तर : युरियाची गोणी तूर्त बाजूला ठेवा आणि कापलेल्या ठोंबांकडे वाकून बघा. बोटभरही खुंट उरला नसेल, तर दुखणं तिथंच आहे.

बहुवर्षायू गवताचा अन्नसाठा बराचसा खोडाच्या बुडाशी असतो. कापणीनंतरची पहिली पाती त्याच साठ्यावर फुटतात. ती मोठी झाली की मग स्वतः अन्न तयार करू लागतात. मातीलगत कापलं की साठाही वैरणीबरोबर गोठ्यात जातो. शिवाय निम्म्याहून जास्त पाला एकदम गेला की मुळांची वाढ काही दिवस थांबते. वर्षानुवर्षं असं झालं की मुळं उथळच राहतात, पावसाने ओढ दिली की आधी हेच ठोंब मरतात आणि रिकाम्या जागेत तण किंवा जमिनीसरपट पसरणारं बुटकं गवत शिरतं. ते विळ्याच्या तावडीतून सुटतं ना!

म्हणून ठोंबाने वाढणाऱ्या उंच गवताचा खुंट १० ते १५ सेंमी ठेवा. वैरण थोडी कमी भरेल, पण मागे राहतो तो बहुतेक कडक देठच.

साधारण निम्मं गवत फुलोऱ्यात आलं की कापा. त्याआधी वजन भरत नाही. नंतर प्रथिनं उतरतात, काडी निबर होते. कुसळी, म्हणजे टोकदार कुसळांचं गवत, असेल तर तेवढीही वाट पाहू नका, कुसळं जनावरांच्या तोंडात रुततात. दुसरी कापणी ओल आणि फूट बघूनच घ्या, आणि वाढ थांबायच्या महिनाभर आधी विळा आवरा.

सगळंच कुरण फुलोऱ्यात कापलं तर बी पडणार कधी? चार भाग पाडून दरवर्षी एक भाग आळीपाळीने बी गळेपर्यंत राखा. त्या भागाची वैरण हलकी मिळेल, तेवढं सोसावं लागेल.

आता युरिया. टनभर वाळल्या गवताबरोबर साधारण १० किलो नत्र कुरणाबाहेर जातं, तेव्हा खत लागतं हे खरंच. पण ठोंब अशक्त असताना टाकलात तर ते आधी तणच उचलेल. ठोंब सावरले की ओल बघून द्या. यंदा उघड्या पट्ट्यातली दुसरी कापणी सोडा आणि तिथं गुरंही चारू नका. तीही गवत बरंच खालपर्यंत खुडतात.