टीव्हीवर गाडी दिसते, पोच कुठे दिसते?

प्रश्न : ताई, नमस्कार. नागपूरजवळच्या वाडीला आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, स्वतःच्या ३८ गाड्या. वडिलांनी सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. दीड वर्षापूर्वी एका सॉफ्टवेअर कंपनीला काम दिलं. ऑफिसात मोठा टीव्ही लागला, त्यावर सगळ्या गाड्या नकाशात फिरताना दिसतात. ड्रायव्हरसाठी अ‍ॅप आहे, डिझेलचा रिपोर्ट निघतो. करारात लिहिलेलं सगळं त्यांनी वेळेत दिलं, तक्रारीला जागा नाही. तरी आमची सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिटची उचल, कायम भरलेलीच असते. आता दुसऱ्या टप्प्याचं साडेसहा लाखांचं कोटेशन आलंय. कोणता ड्रायव्हर गाडी कशी चालवतो, त्याचा डॅशबोर्ड देणार म्हणतात. घ्यावा का? (महिन्याला साधारण ९० लाखांचं भाडं होतं. गाडी खाली झाल्यापासून बिल पार्टीकडे जायला वीस-बावीस दिवस लागतात.)

उत्तर : साडेसहा लाख सध्या गल्ल्यातच राहू द्या. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत, आणि मला वाटतं सॉफ्टवेअर कंपनीला ती तेवढीही सांगितली नसावी.

ट्रान्सपोर्टवाल्यांना सांगायला नको, पण बाकी वाचकांसाठी सांगते. माल उतरवून घेणारा बिल्टीच्या, म्हणजे गाडीसोबतच्या मालाच्या पावतीच्या, प्रतीवर सही-शिक्का देतो, ती पोच. पोच जोडलेली नसेल तर मोठी पार्टी बिलाला हात लावत नाही. आणि ही पोच असते कुठे? ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कप्प्यात, देवाच्या फोटोमागे, अगरबत्तीच्या पुड्याला टेकून. गाडी रायपूरला खाली होते, तिथून विशाखापट्टणमचं भाडं मिळतं, तिथून हैदराबादचं. पोच बिचारी सोबत तीर्थयात्रा करून महिनाअखेरीला वाडीला उतरते. मग मुनीमजी बिल करतात.

आता हिशेब मांडू. महिन्याला ९० लाख म्हणजे दिवसाला ३ लाख. पार्टी बिल मिळाल्यापासून दिवस मोजते, त्यामुळे बिल एक दिवस आधी गेलं की तुमचे ३ लाख एक दिवस आधी मोकळे होतात. दहा दिवस वाचले तर ३० लाख. सीसीला ११ टक्के व्याज धरलं, तर वर्षाचे ३ लाख ३० हजार नुसत्या व्याजाचे वाचले. तुमचं दुखणं इथे आहे, आणि दीड वर्ष मलम लागलं नकाशाला.

नकाशा वाया गेला असं मी म्हणणार नाही. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, आणि ती वाढवून घ्यायची तर संपण्याच्या आधीचे आठ तास किंवा नंतरचे आठ तास एवढीच खिडकी. गाडी कुठे पंक्चर होऊन बसली आणि मुदत टळून गेली, तर दंड. हा ताप ज्यांना वारंवार होतो, त्यांना मुदत आणि नकाशा जोडून वेळेवर घंटी देणारं सॉफ्टवेअर सोन्यासारखं. तुमच्या पत्रात त्याचा एक शब्द नाही, तेव्हा तो ताप तुमचा नसावा.

करायचं काय? आधी तुमच्या सगळ्यात मोठ्या पाच पार्ट्यांच्या अकाउंट्समध्ये फोन लावा, किंवा बुटीबोरी-हिंगण्याच्या असतील तर स्वतः जा. एकच विचारा : पोचेचा स्पष्ट फोटो चालेल का? चालत असेल, तर आहे त्याच अ‍ॅपमध्ये एक बटण लागेल. गाडी खाली झाली, पोचेचा फोटो टाकला, तेव्हाच ट्रिप बंद आणि तेव्हाच ड्रायव्हरचा पुढचा अ‍ॅडव्हान्स. याला साडेसहा लाख लागत नाहीत. मूळ कागदच पाहिजे म्हणाले, तर सॉफ्टवेअरचा विषयच संपला. ऑफिसचा पत्ता छापलेली शंभर पाकिटं ड्रायव्हरांना वाटा, खाली झालेल्या गावाहून कुरियर करायला सांगा आणि पोचेमागे पन्नास रुपये वर द्या. हा उपाय मी सुचवला की सॉफ्टवेअरवाली मुलं माझ्याकडे फितूर झाल्यासारखं बघतात.

आणि पुढचा करार कराल तेव्हा फीचरची यादी खाली जाऊ द्या. पहिली ओळ अशी : “गाडी खाली ते बिल रवाना : आज २२ दिवस, ३१ मार्चपर्यंत ८.” दिवस मोजतील तुमचे मुनीमजी, त्यांच्याच वहीतून. कंपनी म्हणेल, ड्रायव्हर आमच्या हातात नाही. खरंच नाही. म्हणून धाकट्या भावाला या एका आकड्यामागे बसवा. दर सोमवारी त्याने आणि कंपनीच्या माणसाने चहावर एवढंच बोलायचं, दिवस किती झाले आणि कोणत्या पार्टीपाशी अडले. डॅशबोर्डवाल्यांनाही एक विचारून ठेवा : महिन्याला किती लिटर डिझेल वाचेल, आणि नाही वाचलं तर? उत्तर लिहून द्यायला तयार असतील, तर पुढच्या वर्षी बघू.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी इतवारीतल्या एका मिरचीच्या ठोक व्यापाऱ्याकडे मी सॉफ्टवेअर बसवलं. शेठजींना विचारलं, काय पाहिजे? ते म्हणाले, “रिपोर्ट पाहिजे.” मी ६४ रिपोर्ट दिले. पार्टीवार, मालवार, गावावार, जे सुचेल ते. वर्षाने मशीनमधली नोंद काढून पाहिली, तर ६४ पैकी ३ उघडले गेले होते, आणि त्यातला एक चुकून. मी मुनीमजींपाशी बसले तर ते म्हणाले, “मॅडम, सारं दिसून राहिलं याच्यात. मिरची वाळून वजन किती घटलं, तेवढंच नाही दिसून राहिलं.” शेठजींचा खरा तोटा त्या घटीत होता. पोतं येतानाचं वजन आणि विकतानाचं वजन यांतला फरक. तो ते गेली वीस वर्षं अंदाजाने धरत आले होते. मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुमचे पैसे जातात कुठे. “काय पाहिजे” असं विचारलं की माणूस शेजाऱ्याच्या दुकानात पाहिलेलं सांगतो.

प्रश्न : मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करते. आमची टीम एका हॉस्पिटलसाठी डिस्चार्जचं मॉड्यूल बनवते. या तिमाहीपासून ओकेआर, म्हणजे उद्दिष्ट आणि त्याचे मोजता येणारे निकाल, लिहायचे आहेत. मॅनेजर सरांनी लिहिलंय, “उद्दिष्ट : मॉड्यूल पूर्ण करणे. निकाल : १२ स्क्रीन, ४० स्टोरी.” (स्टोरी म्हणजे कामाचे छोटे तुकडे.) मला हे खटकतं, पण नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही.

उत्तर : तुम्हाला बरोबर खटकलं. ही पद्धत इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी रुजवली आणि १९९९ मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी ती गूगलला शिकवली. त्यात निकाल म्हणजे आपण काय केलं ते नव्हे. त्यामुळे समोरच्याकडे काय बदललं ते. १२ स्क्रीन तुमच्या घरच्या. हॉस्पिटलच्या घरी काय बदलणार?

एक दिवस सुट्टी टाका नाहीतर सरांना सांगून जा, आणि त्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरमागे सकाळी नऊला खुर्ची टाकून बसा. डॉक्टर राउंडला “आज घरी जा” म्हणतात तिथून घड्याळ लावा. पेशंट गाडीत बसतो तेव्हा बंद करा. मधे कोण कोणाची वाट बघतं, ते वहीत लिहा. मी एका ठिकाणी अशी बसले होते. साडेदहाला डिस्चार्ज सांगितला, पेशंट निघाला पावणेसहाला. त्यातले अडीच तास वॉर्डातून न वापरलेली औषधं फार्मसीत परत जायची होती म्हणून. सिस्टरना वेळ नव्हता आणि वॉर्डबॉय जेवायला गेला होता. पेशंटचा मुलगा तोवर चार वेळा काउंटरवर येऊन भांडून गेला होता.

कॅशलेस असेल तर आणखी एक घड्याळ चालतं. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे, हॉस्पिटलची डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची असते. ते तीन तास तुमच्या हातात नाहीत. पण विनंती साडेदहाला जाते की दीडला, हे तुमच्या स्क्रीनवर ठरतं. तेव्हा ओकेआर असा लिहून सरांपुढे ठेवा : “डॉक्टरांनी सांगितल्यापासून विम्याची विनंती जायला आज तीन तास, तिमाहीअखेर एक तास.” आकडे तुम्ही मोजून आलेले टाका, माझे नको. त्यासाठी १२ पैकी ५ स्क्रीन पुरतील असंही निघेल कदाचित. तसं निघालं तर सरांना ते एकट्यात सांगा, मीटिंगमध्ये नको.

प्रश्न : गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान आहे. मुलगा म्हणतो, बाबा आता एआय घ्या. घेऊ का?

उत्तर : मुलाला म्हणा, आधी वर्षभर न हललेल्या थानांची यादी दे, किमतीसकट. टॅलीत स्टॉक नीट भरलेला असेल तर तासाभरात निघेल. नसेल, तर एआय काय वाचणार? यादी हातात आली की ती रक्कम दोघांनी मिळून बघा आणि मग मला परत लिहा. एवढं मात्र आत्ताच सांगते, जे काही घ्याल ते दिवाळीनंतर. सीझनच्या तोंडावर दुकानात नवीन काही बसवू नका.